भिशीचे साठ हजार आणि कर्जाचे एकशेनव्वद हप्ते

प्रश्न : मी बदलापूरला राहते आणि नोकरीसाठी रोज दादरला जाते. आमच्या लेडीज डब्यात बाराजणींची भिशी आहे, महिन्याला प्रत्येकी ५,००० रुपयांची. म्हणजे नंबर लागेल तिला ६०,००० मिळतात. आत्तापर्यंत त्या पैशातून कोणी फ्रिज घेतला, कोणी मुलाच्या क्लासची फी भरली, कोणी बांगड्या केल्या. यंदा गप्पांमधून असं निघालं, की आमच्यातल्या सातजणींवर गृहकर्ज आहे. मग ठरलं, की या फेरीत ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांनी भिशीचे पैसे कर्जातच भरायचे आणि भरल्याची पावती ग्रुपवर टाकायची. माझा नंबर सहावा आहे.

माझं कर्ज ऑगस्ट २०२१ मधलं, २६ लाखांचं, २० वर्षांसाठी. तेव्हा व्याज ६.९० टक्के होतं आणि हप्ता २०,०००. पुढे व्याज वाढत ९.४० वर गेलं, २०२३ मध्ये बँकेने हप्ता २२,५०० केला. आता दर ८.१५ आहे. साडेचार वर्षं एकही हप्ता चुकवलेला नाही. तरी परवा बघितलं तर २४ लाख अजून बाकी! मला रडूच यायचं राहिलं. मिस्टर म्हणतात, कर्ज लवकर फेडून टॅक्सची सवलत घालवू नकोस, त्यापेक्षा म्युच्युअल फंडात एसआयपी कर. बँकेच्या काउंटरवर विचारलं तर तिथल्या मुलाने ‘दोन टक्के चार्ज लागेल’ असं सांगितलं. आमचं हे भिशीचं खूळ बरोबर आहे का? आणि सहाव्या नंबरामुळे माझं नुकसान होईल का?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : ताई, खूळ चांगलं आहे. पण त्यातलं भिशीचं काम कुठलं आणि कर्जफेडीचं काम कुठलं, हे वेगळं करून बघायला हवं. दोन्ही एकात कालवलं की हिशेब लागत नाही.

आधी तुमच्या रडण्याबद्दल. सप्टेंबर २०२१ चा तुमचा पहिला हप्ता घ्या. २६ लाखांवर ६.९० टक्क्यांनी महिन्याचं व्याज १४,९५० रुपये. हप्त्यातले उरलेले पाच हजार मुद्दलात गेले. इथवर ठीक होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला आणि तुमचं कर्ज रेपोला जोडलेलं असल्याने तुमचा दर अडीच टक्क्यांनी चढला. हप्ता मात्र तोच राहिला. त्या वेळचं स्टेटमेंट उघडून बघा. वीस हजारांच्या हप्त्यातले १९,८०० च्या आसपास व्याजात गेलेले दिसतील. मुद्दलात जेमतेम दोनशे. म्हणजे दोन माणसांच्या साध्या जेवणाच्या बिलाइतकं कर्ज महिन्याला फिटत होतं. हप्ता वाढवल्यावर जरा हालचाल सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ पासून रेपो उतरत डिसेंबरमध्ये ५.२५ वर आला तेव्हा तुम्हाला श्वास मिळाला. एकूण बारा लाखांच्या घरात भरलेत, त्यातले दोन लाख मुद्दलात गेले. बँकेने काही चोरलेलं नाही. पण तुम्हाला हे कोणी बसवून सांगितलंही नाही, आणि माझा राग तेवढ्यापुरता आहे.

आता ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की दर बदलला तर हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होणार हे बँकेने कर्जदाराला कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं करायचं, की मध्येच रक्कम भरायची, हे कर्जदाराला निवडू द्यायचं. शिवाय दर तिमाहीला एक पत्रक उपलब्ध करून द्यायचं, ज्यात आजवर किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ता किती, किती हप्ते उरलेत आणि वार्षिक दर किती, हे असतं. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते कुठेतरी दडलेलं असेल. शोधा. त्यातल्या उरलेल्या हप्त्यांच्या आकड्यावर बोट ठेवा. माझ्या हिशेबाने तो १९० च्या आसपास असला पाहिजे, म्हणजे पंधरा वर्षं दहा महिने.

आता तुमचे साठ हजार. ते आज एकदाच मुद्दलात गेले आणि हप्ता २२,५०० चाच ठेवला, तर १९० हप्त्यांचे १८१ होतात. नऊ-साडेनऊ हप्ते गेले, म्हणजे दोन लाख अकरा हजार रुपये शेवटी भरावे लागणार नाहीत. त्यातून आज भरलेले साठ हजार वजा केले तरी दीड लाखाचं व्याज वाचलं. आणि दर वर्षी भिशी चालू राहून वर्षाला साठ हजार, म्हणजे सरासरी महिना पाच हजार, जात राहिले तर कर्ज अकरा वर्षं एका महिन्यात संपतं. पावणेपाच वर्षं आधी. व्याजातले सव्वासहा लाखांवर रुपये तुमच्याकडे राहतात. दर बदलेल तसे हे आकडे हलतील, पण अंदाज हाच.

यात एक अट मी वर लिहिली आहे : हप्ता तोच ठेवायचा. सगळी मेख इथे आहे. जादा रक्कम भरल्यावर बँक दोनातलं एक करते, मुदत कमी करते किंवा हप्ता कमी करते. हप्ता पाच-सहाशे रुपयांनी उतरला की बरं वाटतं आणि ते पाच-सहाशे भाजीत जातात. कर्ज मात्र तितकीच वर्षं मानेवर. तेव्हा अर्जात स्पष्ट लिहा, ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी.’ ऑनलाइन भरत असाल तर ‘पार्ट पेमेंट’चा पर्याय निवडा. नुसतेच पैसे कर्जखात्यात ढकलले तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्यांचा अ‍ॅडव्हान्स म्हणून पडून राहतात. भरल्यावर दोन-तीन दिवसांनी नवीन शेड्यूल मागा. बाकी मुद्दल २४ लाखांचं २३ लाख ४० हजारांच्या खाली दिसलं आणि हप्त्यांची संख्या उतरली, तरच काम झालं असं समजा. दर उतरल्यावरही काही बँका आपण होऊन हप्ता कमी करतात. तेव्हाही ‘हप्ता राहू द्या, मुदत उतरवा’ म्हणून कळवायचं.

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर होते तेव्हा एक एसटी कंडक्टर यायचे, दिवाळीचा बोनस घेऊन. स्लिप भरून झाली की पासबुक उलटं करून मागच्या कोऱ्या पानावर मला पेन्सिलीने उरलेल्या हप्त्यांचा आकडा लिहायला लावायचे. आधीचा आकडा स्वतः खोडायचे. बाकी रकमेत त्यांना रस नसे. ‘लाखात काय कळतंय मॅडम, महिने सांगा.’ तुमच्या ग्रुपवर पावतीपेक्षा हा महिन्यांचा आकडा टाका. पावतीवर खातेनंबर असतो, कर्जाचा नंबर असतो, आणि स्क्रीनशॉट कुठून कुठे फिरतो हे आपल्या हातात नसतं. ‘मी १९० वरून १८१ वर’ एवढं लिहिलं की पुरे. बाकीच्या सहाजणींना चुरस लागते ती या आकड्याने.

दोन टक्के चार्जची गोष्ट. व्यक्तीच्या नावावर, फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराने घेतलेल्या गृहकर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. बँकांसाठी हा नियम २०१२ पासून आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने तो आणखी पक्का केला आहे. पैसे कुठून आणले हे विचारायचं नाही आणि अमुक काळ थांबा असंही म्हणायचं नाही. तुमचा दर वर-खाली झाला आहे, म्हणजे कर्ज फ्लोटिंगच आहे. काउंटरवरच्या मुलाने बहुधा फिक्स्ड दराच्या किंवा धंद्याच्या कर्जाचा तक्ता डोक्यात ठेवून उत्तर दिलं असावं. त्याच्याशी वाद घालत बसू नका. ‘हे मला लेखी द्या’ एवढंच म्हणा. काउंटरवर या वाक्याइतकं चटकन काम करणारं दुसरं वाक्य मला माहीत नाही. सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्रही काढून वाचा. काही बँका एका वेळी भरायची किमान रक्कम ठरवून ठेवतात, कुठे एक हप्ता, कुठे दोन. तुमच्या साठ हजारांना ती अडचण येऊ नये.

इथेच भिशीचा प्रश्न येतो. खरं सांगायचं तर नुसत्या आकड्यांनी बघितलं तर भिशीची गरजच नाही. तुम्ही दर महिन्याला पाच हजार सरळ कर्जात भरलेत तर निकाल जवळजवळ तोच. बाराव्या नंबरच्या बाईचं तर भिशीत नुकसानच आहे. ती अकरा महिने इतरांना बिनव्याजी पैसे देते आणि तिचं स्वतःचं कर्ज तोवर व्याज खात असतं. तुमच्या दराने काढलं तर दरमहा थेट भरण्याच्या तुलनेत शेवटच्या नंबरला सव्वादोन हजारांचा तोटा, पहिल्या नंबरला तेवढाच फायदा. तुमचा सहावा नंबर बरोबर मधोमध आहे, दोनशे रुपये फायद्यात आहात. तेव्हा नंबराची काळजी सोडा.

मग भिशी कशाला? कारण पाच हजार घरात राहत नाहीत. हे मी कर्जाच्या टेबलावर बसून वर्षानुवर्षं बघितलंय. महिना पाच हजार जादा भरायचं ठरवलेली माणसं गणपतीपर्यंत टिकतात. गणपतीत एक महिना सुटतो, दिवाळीत दुसरा, मग शाळेची फी येते आणि विषय संपतो. पण भिशीचा हप्ता चुकवायची कोणाची टाप नसते, कारण दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात, त्याच बाईसमोर उभं राहायचं असतं. ही लाज व्याजदरापेक्षा जास्त काम करते. शिवाय तुमची किमान रकमेची अडचणही सुटते. म्हणून ठेवा भिशी.

फक्त तीन गोष्टी फेरी सुरू व्हायच्या आधी वहीत लिहून काढा, बाराजणींच्या सह्यांनी. पहिली, पुढच्या फेरीत क्रम उलटा, बारावी ती पहिली. म्हणजे तिचा सव्वादोन हजारांचा तोटा भरून निघतो. वर तिच्या हातात लागोपाठ दोन महिन्यांत एक लाख वीस हजार येतात आणि मोठी रक्कम एकदम मुद्दलात जाते. दुसरी, नंबर लागून गेलेली बाई नोकरी सोडून गावी गेली तर काय? तिसऱ्या नंबरची बाई साठ हजार घेऊन गेली तर तिने भरलेत पंधरा हजार. पंचेचाळीस हजारांचा खड्डा पडला. उरलेल्या नऊजणींना साठऐवजी पंचावन्न हजारच मिळणार. हे त्या नऊजणींना आधी माहीत असावं. तिच्या घरच्यांकडून वसूल करायचं की सगळ्यांनी सोसायचं, ते आजच ठरवा. गाडीत, भांडण झाल्यावर नाही. तिसरी, लिलाव नको. ‘मला आत्ता हवेत, मी पन्नासलाच उचलते’ हा प्रकार सुरू झाला की महिन्याभरात दहा हजार सोडून देणारी बाई सव्वाआठ टक्क्यांचं कर्ज फेडायला कितीतरी महागाचं कर्ज काढत असते. अडचण असेल तिला आपापसात नंबर बदलून द्या.

आणि एक पोटतिडकीने सांगते. सातजणींवर कर्ज आहे, जवळीक वाढेल, मग कोणीतरी म्हणेल, ‘माझ्या टॉपअपला, वाढीव कर्जाला, जामीन राहा ना.’ राहू नका. कराराच्या कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी तिच्याकडे जावं आणि मग तुमच्याकडे, असा क्रम कायद्यात नाही. मैत्री डब्यापुरती ठेवली की डब्यात टिकते.

मिस्टरांचं म्हणणं. त्यांना विचारा, तुम्ही दोघं कोणत्या करप्रणालीत आहात? नवीन प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट मिळतच नाही, म्हणजे घालवायला काही नाहीच. जुन्या प्रणालीत व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत आणि मुद्दलावर दीड लाखाच्या मर्यादेत वजावट आहे. तिथे तुम्ही भरलेले जादा साठ हजार मुद्दलातच मोजले जातात, ती जागा पीएफ-विम्याने आधीच भरलेली नसेल तर उलट फायदाच. व्याजावरची सवलत कमी होईल हे खरं. पण वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर शंभर रुपये व्याज दिल्यावर एकवीस रुपये कर वाचतो, बाकी एकोणऐंशी खिशातून जातात. एकवीस वाचवायला शंभर द्या, हा सल्ला देणारी मंडळी टेबलावर रोज यायची. बहुतेक पुरुष.

एसआयपीबद्दल मात्र मी त्यांच्याशी भांडणार नाही. दीर्घ मुदतीत शेअर बाजार सव्वाआठ टक्क्यांहून जास्त देऊ शकतो. पण देऊ शकतो आणि देतोच यात फरक आहे. कर्ज फेडून मिळणारे ८.१५ टक्के नक्की आहेत आणि त्यावर कर नाही. चालू असलेली एसआयपी मोडू नका, भिशीचा पैसा कर्जात जाऊ द्या. घरात दोन विचार असतील तर दोन्हीला जागा द्यावी. त्यावरून घरात आठ दिवस अबोला धरण्याइतका फरक त्यात नाही.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, आणि मला तीच पहिल्यांदा विचारायची होती. अडीअडचणीला हाताशी किती आहे? कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. उद्या एकाची नोकरी गेली तर बँक असं म्हणणार नाही, की ताईंनी मागे साठ हजार जादा भरलेत, दोन हप्ते जाऊ द्या. तुमचे सहा हप्ते म्हणजे एक लाख पस्तीस हजार, वर घरखर्च. एवढे एफडीत नसतील तर या फेरीचे साठ हजार तिकडे जाऊ द्यात. मैत्रिणींना तसं सांगा, लाजू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा सोनेतारण असेल तर ते त्याही आधी. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज काही बँका देतात. त्यात जादा ठेवलेल्या पैशांवर व्याज लागत नाही आणि गरजेला ते काढताही येतात. दर थोडा जास्त असतो. पण हातात आलेला पैसा खर्च होतो म्हणून जी बाई भिशी लावते, तिला मी ते सुचवणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६७, कराडजवळच्या गावी राहतो. गावातल्या पतसंस्थेत माझे आठ लाख ९ टक्क्यांनी ठेव म्हणून आहेत. मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला आहे, त्याच्यावर ३१ लाखांचं कर्ज आहे. तो स्वतः काही मागत नाही, पण व्याही परवा म्हणाले, ठेव मोडून मुलाच्या कर्जात भरा, त्याची किती वर्षं वाचतील. काय करावं?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : गुरुजी, व्याह्यांनी आपली ठेव मोडली का, एवढं आधी विचारा!

मुलाची वर्षं वाचतील हे खरं. पण ते आठ लाख तुमच्या म्हातारपणाचे आहेत, आणि फ्लॅटमध्ये गेलेले पैसे तुमच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेर येत नाहीत. मुलगा चांगला आहे म्हणूनच त्याला ‘बाबांचे पैसे परत कसे देऊ’ या ओझ्याखाली ठेवू नका.

मला काळजी वेगळीच वाटते. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकांनाही. पतसंस्थेतल्या ठेवींना हे विम्याचं कवच नाही. नऊ टक्के दिसतात ते त्या जोखमीसकट. तुमची पतसंस्था उत्तम चालत असेलही, पण सगळे आठ लाख एका ठिकाणी नकोत. मुदत संपेल तशी रक्कम काढून पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. तिथे सध्या ८.२ टक्के आहेत आणि दर तिमाहीला व्याज हातात येतं. आठ लाखांवर तिमाहीला १६,४०० रुपये. निवृत्तिवेतनात तुमचं भागत असेल आणि मुलाला मदत करायचीच असेल, तर हे व्याज त्याला द्या. वर्षाचे ६५,६०० झाले, म्हणजे वरच्या बदलापूरच्या ताईंच्या भिशीपेक्षा जास्तच. मुद्दल तुमचं राहिलं, त्याचंही कर्ज उतरलं. ज्या वर्षी तुम्हाला गरज लागेल त्या वर्षी देणं थांबवायचं, कोणाला विचारायची गरज नाही.

प्रश्न : नाशिकला आमचा छोटा बंगला आहे. कर्ज सात वर्षं आधी फेडून टाकलं, मागच्या महिन्यात शेवटचे पैसे भरले. बँकेने ‘कागद येतील’ सांगितलं. आणखी काही करायचं असतं का? सातबाऱ्यावर बँकेचं नाव अजून दिसतंय.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अभिनंदन! आणि हो, करायचं असतं. अर्धी माणसं इथेच थांबतात आणि घर विकायच्या वेळी धावाधाव करतात.

पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत बँकेने सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. शेवटचे पैसे भरल्याची तारीख कुठे लिहून ठेवली आहे ते बघा, दिवस त्या तारखेपासून मोजायचे. कागद घेताना, कर्ज घेतलं तेव्हा बँकेने दिलेली कागदपत्रांची यादी सोबत न्या आणि एकेक कागद तिच्याशी पडताळून घ्या. मूळ खरेदीखत, आधीच्या मालकांची साखळीतली खतं, मंजूर नकाशा. झेरॉक्स चालणार नाही. यादी नसेल तर बँकेकडून मागा.

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढवलेला असतो. पैसे फिटले म्हणून तो आपोआप जात नाही. बँकेकडून ‘येणे बाकी नाही’ असा दाखला आणि बोजा कमी करण्याबद्दलचं तलाठ्याच्या नावाचं पत्र, शाखाधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचं, घ्या. ते अर्जासोबत तलाठी कार्यालयात द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. फेरफार मंजूर झाला की नवीन सातबारा काढून तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जागेचं प्रॉपर्टी कार्ड असेल तर हेच काम नगर भूमापन कार्यालयात. कर्ज घेताना दुय्यम निबंधकांकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर बँकेकडे तारण असल्याची सूचना, दाखल केलेली असते. ती नोंद उतरवायला काय लागतं, ते बँकेत कागद घ्यायला जाल त्याच दिवशी विचारून या. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या सचिवांना बँकेचं पत्र देऊन त्यांच्या दप्तरातली बोज्याची नोंद काढून घ्यायची. शेअर सर्टिफिकेट बँकेत ठेवलेलं असेल तर तेही आठवणीने मागायचं. घराचा विमा काढला असेल तर पॉलिसीवरचं बँकेचं नावही कमी करून घ्या.